कूलरची जागा

अंबिकाबाईंनी अर्ध्या बटाट्यात खोचलेली उदबत्ती गॅरेजमधल्या करवतीशेजारी ठेवली आणि त्या बाजूला झाल्या. हेमचंद्ररावांनी कूलरचं बटण दाबलं. शेजारचे काकासाहेब अर्ध्या ओढलेल्या शटरखालून वाकून आत आले, आणि तिघंही धूर कुठं जातो ते बघत उभे राहिले.

धूर थेट स्टुलाकडे गेला.

ते स्टूल अंबिकाबाईंचं. हेमचंद्रराव कॉलेजातून निवृत्त झाल्यापासून गारखेड्यातल्या घराच्या गॅरेजमध्ये सुतारकाम करायचे, आणि रोज दुपारी अंबिकाबाई त्यांच्या टेबलाशेजारी बसून डाळ निवडता निवडता बोलायच्या. ते रंधा मारायचे आणि मधून मधून ‘हं’ म्हणायचे. मग अंबिकाबाईंना खोकला लागला. डॉक्टर म्हणाले, लाकडाची धूळ बंद करा, नाहीतर खाली गॅरेजमध्ये बसणं बंद करा. खोकल्यानं उठावं लागलं त्या दुपारी त्या सांगत होत्या ती हकिकतही अर्धीच राहिली.

अंबिकाबाईंचं म्हणणं, मी वर बसते. हेमचंद्ररावांचं म्हणणं, मग मी करवत विकून टाकतो, तू नसशील तर मला इथं करमत नाही. त्यांच्या तोंडून असं काही निघणं म्हणजे घरात मोठीच बातमी. ती लगेच फोनवरून पुण्याला लेकीकडे गेली. लेकीनं, म्हणजे स्वरदानं, हवा साफ करणारं एक पांढरंशुभ्र यंत्र पाठवून दिलं. बिचारं बेडरूमसाठी जन्माला आलेलं. सागाचा भुसा बघून त्याचा लाल दिवा जो लागला, तो काही विझेना.

राहता राहिला कूलर. जायकवाडी धरण तळाला गेलं होतं, नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. अशात कूलरमध्ये ओतायला पाणी कुठून आणणार? तो गच्चीवर कोरडाच उभा होता. हेमचंद्ररावांनी त्याच्या जाळ्यांमधलं गवत काढलं, तिन्ही बाजूंना धूळ अडवणारं जाड कापड ताणून बसवलं आणि कूलर गॅरेजच्या गल्लीकडच्या खिडकीत ठेवला. पाठ बाहेर, तोंड आत.

“सर,” काकासाहेब म्हणाले, “ह्यो तर बाहेरची हवा घ्यायलाय.”

हेमचंद्ररावांच्याही ते त्याच क्षणी लक्षात आलं होतं, पण आता बोलून उपयोग नव्हता.

“माझ्या बांधकामाची धूळ गाळायलाय की. लई उपकार झाले तुमचे.” काकासाहेब पिशोरचे. गावाकडची शेती भावाकडे देऊन ते इथं घरावर दुसरा मजला चढवत होते, आणि त्यावरून गल्लीची बोलणी खात होते. “आतला भुसा आतच हाय. वहिनींकडं ढकलायलाय नुसता.”

“सवय,” हेमचंद्रराव म्हणाले. जन्मभर या शहरात कूलर म्हणजे खिडकी, हे हाताला पाठ झालेलं.

दोघांनी कूलर उतरवला. आता बाजूच्या भिंतीला लावला, पाठ टेबलाकडे आणि तोंड शटरकडे. अंबिकाबाईंनी स्टूल उचलून कूलरच्या तोंडासमोर, शटरजवळ नेलं. बटण दाबलं. धूर जरा घुटमळला, मग वळला आणि कूलरच्या कापडात शिरून नाहीसा झाला. समोरून नुसती स्वच्छ हवा येत होती. हेमचंद्ररावांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला.

“बस. बसून बघ.”

अंबिकाबाई डाळीचं ताट मांडीवर घेऊन बसल्या. हेमचंद्रराव टेबलापाशी जाऊन उभे राहिले. टेबल मागच्या अंगणाकडच्या खिडकीला लावलेलं होतं, उजेड समोरून यावा म्हणून. मागून डाळ निवडल्याचा आवाज येईना.

“काय झालं?” त्यांनी वळून विचारलं.

“तुमची पाठ दिसते.”

“मग?”

“तोंड दिसलं तर कळतं तरी, ऐकताय की नुसतं हं हं करताय. पाठीशी काय बोलायचं?” त्या ताट घेऊन उठल्या. “राहू द्या. मी वरच बसते. हवा साफ झाली ना? तुम्ही करा तुमचं काम.”

हेमचंद्ररावांनी हातातला रंधा खाली ठेवला. टेबलाकडे बघितलं. सागाचं, त्यांनीच केलेलं, पायांखाली पाचरी ठोकून पाण्याच्या पातळीसारखं समतल बसवलेलं. स्वरदाच्या लग्नात आचाऱ्याला जागा हवी होती, तेव्हाही त्यांनी ते तसूभर हलवू दिलं नव्हतं. त्यांनी वाकून पहिली पाचर काढली.

“ह्ये हलवायचं?” काकासाहेबांचा विश्वास बसेना.

“फिरवायचं. धरा तिकडून.”

दोघांनी धापा टाकत ते खिडकीपासून पुढे ओढून फिरवलं. आता हेमचंद्ररावांची पाठ खिडकीकडे झाली आणि तोंड स्टुलाकडे. अंबिकाबाईंनी नवी उदबत्ती लावून टेबलावर ठेवली. धूर निमूटपणे कूलरकडे गेला.

“सर, उजेड पाठीशी गेला की,” काकासाहेब म्हणाले. “तुमचीच सावली पडंल कामावर.”

“पडू द्या.”

काकासाहेब दोघांकडे बघून हसले आणि आले तसे वाकून शटरखालून निघून गेले.

अंबिकाबाई पुन्हा स्टुलावर बसल्या. डाळीतून एक खडा काढून त्यांनी ताटाच्या काठाला ठेवला.

“मी काय सांगत होते हो त्या दिवशी?” त्या म्हणाल्या. “माझंच मला आठवेना.”

“मनकर्णाबाई बिडकीनच्या बसमध्ये चढल्या,” रंध्याचं पातं पुसत हेमचंद्रराव म्हणाले, “आणि त्यांची एक चप्पल खालीच राहिली.”