पाक सुतिक्नोंना विचारा

कोड लिहिणाऱ्या एआय एजंटाने पुन्हा एक फंक्शन मनानेच रचलं. नाव झकास, मांडणी झकास, फक्त असं फंक्शन कुठे नव्हतंच. रेंगानिसने चष्मा काढून डोळे चोळले.

"तुझ्या एजंटाला निवडणुकीला उभं कर," शेजारचा दानांग म्हणाला. "माहिती शून्य, पण बोलणं कसं ठाम!"

ती हसली नाही. सुराबाया बंदरातल्या त्या जहाज कंपनीत कुठला कंटेनर जहाजावर कुठे चढवायचा, हे ठरवणारा प्रोग्रॅम जुना होता आणि घरचाच होता. त्याचं डॉक्युमेंटेशन ऑफिसातल्या संगणकांवर पडून होतं. बाहेर इंटरनेटवर त्यातली एक ओळही नव्हती. जगभरचा कोड वाचलेला एजंट इथे आला की अंदाजाने ठोकून द्यायचा. परवा त्याने टनांच्या जागी किलो धरले. चाचणीत पडद्यावरचं जहाज एका अंगावर कलंडलं. मग सगळ्यांनी नेहमीचंच केलं. पाक सुतिक्नोंना विचारलं.

निवृत्तीचं वय उलटून गेलेले सुतिक्नो खिडकीजवळ बसत. प्रोग्रॅम त्यांच्याच हातचा. वडीलधारे म्हणून सगळे त्यांना पाक म्हणत, आणि पाठीमागे म्हणत, म्हातारा खुर्ची सोडत नाही. रेंगानिसला ते टोचायचं. ती नवी होती तेव्हा याच माणसाने तिला शेजारी बसवून शिकवलं होतं.

एजंटाला असं काही साधन दे, की लिहिण्याआधी तो आपलं डॉक्युमेंटेशन इथल्या इथे शोधून वाचेल, असं मॅनेजर हर्लिनांनी, सगळ्यांच्या बू म्हणजे बाईंनी, तिला सांगितलं होतं. ते काम तिने केव्हाच संपवलं होतं. पहिल्याच चाचणीत एजंट थांबला, त्याने शोधलं, वाचलं आणि बिनचूक लिहिलं. तिचा आनंद खिडकीकडे नजर जाईपर्यंतच टिकला. उद्यापासून यांना कोण विचारणार? तिने साधन बंद करून ठेवलं आणि बू हर्लिनांना सांगितलं, अजून अडतंय.

तेव्हापासून ती नुसती दमत चालली होती. एजंटाच्या थापा हाताने निस्तरायच्या, बू हर्लिनांची बोलणी खायची, आणि उत्तर ठाऊक असूनही पाकांकडे खेटे घालायचे. पाकही थकलेले दिसत. हल्ली बोलता बोलता मध्येच गप्प होत, मग विचारत, "हं, काय म्हणत होतीस?"

त्या दुपारी ते स्वतःच तिच्या टेबलाशी आले.

"पोरी, तुझं ते साधन अडलंय कुठे? दाखव मला. दोघं मिळून बघू."

"राहू द्या ना, पाक. करते मी."

"दाखव गं. रोज बघतोय, रडवेली झालीयेस."

खोटं रेटायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. तिने साधन चालू केलं. एजंटाने शोधलं, पाकांनीच कधीकाळी लिहिलेलं पान उघडलं, वजन टनांत द्यायचं हे वाचलं, आणि मग कोड लिहिला. चाचणीतलं जहाज सरळ उभं राहिलं.

पाक वाकून बघत होते.

"हे तर चालतंय. कधीपासून?"

"ईदच्या आधीपासून." तिची मान खाली गेली. "हे सुरू झालं की तुम्हाला घरी बसवतील, पाक. मला ते बघवलं नसतं."

त्यांनी खुर्ची ओढली आणि सावकाश बसले. रागावले नाहीत.

"बू हर्लिनांना हे साधन करून घ्यायला मीच सांगितलं होतं," ते म्हणाले. "बायको समुद्रापलीकडे माकास्सरला असते, मुलीकडे. विसरत चाललीय सगळं. मी राजीनामा दिला, तर त्या म्हणाल्या, तुमच्याशिवाय इथलं भागायला लागलं की त्याच दिवशी जा. मलाही पटलं. आपलं गणित चुकलं तर समुद्रात माणसं जातात."

रेंगानिस ताडकन उठली.

"मग आजच निघा, पाक! मी आत्ता जाऊन सांगते त्यांना."

"निघतो ना," पाक म्हणाले. पण ते उठले नाहीत. "ईदला गेलो होतो, तेव्हा अजून ओळखत होती मला."