कॉम्प्युटर निवेपर्यंत

कॉम्प्युटर दुरुस्तीला आलेल्या पायलनं आतला पंखा काढला, त्याखालचा ॲल्युमिनियमचा ठोकळा अलगद उचलला आणि त्याची खालची बाजू राजानंद गुरुजींना दाखवली. प्रोसेसरची उष्णता वर ओढून घेणारं पॅड उन्हात विसरलेल्या कुरडईसारखं वाळून तडकलं होतं.

"म्हणूनच हा तापून बंद पडून राह्यलाय, गुरुजी. हे खरवडते अन् पेस्ट लावते."

तिनं प्रोसेसर पुसून लख्ख केला. मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढी पेस्ट ठेवली.

"एवढुशीच?" गुरुजींच्या पत्नी बेबीनंदाबाई म्हणाल्या. "अगं, नवरीची हळद काय अशी चिमटीनं लावतेत? हात सैल सोड की!"

"मावशी, जास्ती झाली की उलटं तापतंय."

"मंग आता बंद पडणार न्हाई?" गुरुजींनी विचारलं.

"बिलकुल न्हाई."

गुरुजी हसले, पण नुसते ओठांनी.

तीर्थपुरीच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते बायकोच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या टाइप करत बसत. दोन-चार ओव्या झाल्या की कॉम्प्युटर बंद. मग पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाला, म्हणजे कल्याणला, फोन. एरवी बापलेकांचं बोलणं "जेवला का?" "हो" एवढ्यावर आटपायचं. पण कॉम्प्युटर बंद पडला की कल्याण म्हणायचा, "थोडा निवू द्या, बाबा. मंग चालू करा." आणि तो निवेपर्यंत दोघं बोलत राहायचे. साहेबाची कटकट, नातीचा पडलेला दात, आईचे गुडघे. त्या आजारी डब्याचे उपकार गुरुजी मनातल्या मनात मानायचे. बायकोनं पायलला बोलावलं, तेव्हा नको म्हणायला त्यांना कारणच सापडलं नाही.

त्या संध्याकाळी ओवीमागून ओवी उतरत गेली. कॉम्प्युटर तापायचं नाव घेईना. गुरुजींचा हात फोनपर्यंत जायचा आणि तसाच माघारी यायचा. काय सांगायला लावायचा?

फोनच वाजला.

"बाबा, आज बंद पडला न्हाई का?"

खोटं बोलणं गुरुजींना जमलं नाही. "पायलनं पेस्ट लावली. आता पडत न्हाई."



"पॅड वाळलंय, हे मला पहिल्याच दिवशी कळल्तं, बाबा," कल्याण म्हणाला. "सांगितलं असतं, तर तुमचा फोन आला नसता."