कापसाचा बोळा

लोणावळ्यातल्या दातांच्या दवाखान्यात आरतीच्या प्रशिक्षणाचा शेवटचा आठवडा होता. "ताई, दाढ लय ठणकतीय," म्हणत आंदर मावळातली भागूबाई खुर्चीत बसली. आरतीने तिच्या गालात कापसाचा बोळा ठेवला, जीभ आरशाने अलगद बाजूला धरली.

"बघून ठेव आरती," डॉक्टर म्हणाले. "या डोंगरातल्या बायका मिश्री लावून लावून तोंडाची पार चूल करतात. लाज कशी ती नाही."

भागूबाईच्या घशात नुसता आवाज घुटमळला.

आरतीने आरसा काढला, बोळाही काढला. "ज्याचं तोंड आपण धरून ठेवलंय, त्याला असं बोलू नये, सर."

"सर्टिफिकेट हवंय ना तुला?"

"हवंय," आरती म्हणाली आणि खुर्चीकडे वळली. "आये, आता तू बोल."