मॉरीनचं भांडं

शरयूताईंनी शेजारच्या मॉरीनच्या घराची बेल वाजवली. हातात तिचंच निळ्या काठाचं भांडं होतं. गुरुवारी तिने त्यातून अ‍ॅपल पाय दिला होता. कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, म्हणून शरयूताईंनी त्यात बेसनाचे लाडू भरले होते.

दार उघडलं ते त्यांच्या मुलाने, सारंगने.

"सरप्राइज! काल तू ड्यूटीवर होतीस तेव्हा आमचं घर इथे आणलं. नवी नोकरी लागली ना, आता ऑफिस पाच मिनिटांवर!"

लीड्समध्ये सगळी घरं एकसारखी होती आणि दर रविवारी ती रुळांवरून सरकवत. ज्याचं काम जिथे, त्याचं घर तिथे. मुलगा जवळ यावा म्हणून शरयूताई सहा वर्षं देवाला साकडं घालत होत्या.

"आणि मॉरीन?"

"ती शुक्रवारी रिटायर झाली ना. तिचं घर नेलं चाळीस मैलांवर, रिटायर झालेल्या सगळ्यांची नेतात तिथे."

"मला न सांगता गेली?"

"तिला तरी कुणी विचारलं असेल?"

"तिला परत आणा म्हणून अर्ज केला तर?"

"कुणाकडे करणार, आई? सगळं कॉम्प्युटर ठरवतो. तिथे माणूसच बसत नाही." सारंगने हात पुढे केला. "दे ते, कुरिअरने पाठवतो."

शरयूताईंनी भांडं छातीशी धरलं. मार्चमध्ये त्याही हॉस्पिटलातल्या नोकरीतून रिटायर होणार होत्या.

"हे लाडू तुम्हीच खा," त्या म्हणाल्या. "भांडं माझ्याकडे राहू दे. मार्चमध्ये नवे करीन आणि मीच घेऊन जाईन."