उजवीकडे मी

"बाई, माझं हृदय बंद पडलंय!" सात वर्षांची शर्वाणी छातीच्या उजव्या बाजूला तळवा दाबून रडत होती.

"माझंपण!" मागच्या बाकावरून निहार ओरडला. "आणि मी तर सकाळी दोन पोळ्या खाल्ल्यात!"

एकेक करून सगळा वर्ग छाती चाचपू लागला.

"अरे, हृदय डावीकडे असतं," हेमांगी बाई म्हणाल्या.

वर्गानं एका सुरात गाऊन उत्तर दिलं, "उजवीकडे मी, उजवीकडे मी, धडधडते दिनरात मी!"

काल वर्गात शरीराचं संगीत नाटक झालं होतं. पदं मुलांच्या मेंदूत कायमची बसवणारं यंत्र शाळेत आल्यापासून कुणाला घोकावं लागत नसे. कुणाला विसरताही येत नसे. हृदयाचं पद बाईंनी तालमीच्या वेळी प्रेक्षकांत बसून लिहिलं होतं. पडद्यावर रंगवलेला माणूस त्यांच्याकडे तोंड करून उभा होता. त्याचं डावं ते त्यांचं उजवं.

बाई शर्वाणीसमोर गुडघ्यांवर बसल्या. या वेळी दोनदा विचार करून त्यांनी तिचा तळवा डावीकडे सरकवला. "इथं बघ. लागतंय हाताला?"

शर्वाणीचं रडणं थांबलं. तळव्याखाली धडधड चालू होती आणि ती तिला स्पष्ट जाणवत होती. ओठ मात्र "उजवीकडे मी" पुटपुटतच होते. बाई तिच्याकडे आशेनं पाहत राहिल्या.

"बाई," तिनं घाबरून विचारलं, "मग हे आत दुसरं कोण आहे?"