लाटेचा खाडा

मित्र सॉफ्टवेअरमध्ये शिरून अमेरिकेला पोचले आणि इंद्रजीत मात्र वारज्यातल्या प्रयोगशाळेत, आयनोस्फिअरवरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थरावरून, परतणारे रडारचे संकेत गाळत बसला. सगळा गोंगाट गाळल्यावर एक अनोळखी लाट हाती लागली आणि तिच्यावरच त्याने पीएचडीची पाच वर्षं ओतली. पण ही बया मधूनच दिवसभर दांडी मारायची. सौर डाग तपासून झाले, चुंबकीय वादळं तपासून झाली, कारण काही सापडेना.

"मॅडम, उद्या प्रबंध द्यायचाय. आता तुम्हीच काहीतरी सुचवा," तो रडकुंडीला येऊन आपल्या गाईडना म्हणाला.

मॅडमनी दांडीच्या तारखा कॅलेंडरशी ताडून पाहिल्या. मग खिडकीतून शेजारच्या वेल्डिंग कारखान्याच्या बंद शटरकडे नजर टाकली.



"सगळे गुरुवारच आहेत, इंद्रजीत. त्या दिवशी कारखान्याला सुट्टी असते. आयनोस्फिअरला कधीपासून मिळायला लागली?"