बसस्टॉपवरचा माणूस

सरांनी पडद्यावर एक फोटो लावला. बसस्टॉपवर टोपी कानांपर्यंत ओढून उभा असलेला एक गोरा माणूस.

"हा इथे काय करतोय?"

"बसची वाट बघतोय, दुसरं काय!" अख्खा वर्ग म्हणाला.

दुसऱ्या फोटोत स्टॉप तोच होता, टोपीही तशीच. माणूस मात्र काळ्या वंशाचा होता.

"आणि हा?"

"सावज हेरतोय," मागून कुणीतरी म्हणालं. "पोलिसांची गाडी गेली का बघतोय," दुसऱ्याने री ओढली. हशा पिकला.

सरांनी पहिला फोटो पुन्हा लावला, मग परत दुसरा. हळूहळू हसणं विरलं आणि एकेक मान खाली गेली. पुढच्या बाकावरची गोरीपान मुलगी तेवढी पडद्याकडे एकटक बघत होती.

"तुला काय वाटतं?" सरांनी तिला विचारलं.

"मुलीची वाट बघतोय. माझे बाबा असेच उभे राहायचे, माझी बस येईपर्यंत."

शेजारची मैत्रीण चमकली. "तुझे बाबा?"

"हो. मी आईवर गेलेय. बाबा मागच्या हिवाळ्यात वारले."

सर घाईघाईने पुढचा फोटो लावायला वळले, तशी ती म्हणाली, "सर, राहू द्या ना हा थोडा वेळ. घरी बाबांचे खूप फोटो आहेत, पण वाट बघतानाचा एकही नाही."